तिसऱ्या पुठ्ठ्यावरचा फोटो

आज सकाळी गॅसवर मैद्याची खळ शिजवली. लेकीच्या टेबलावर फोटोंचा घडीचा स्टँड असतो, त्याची कापडी पट्टी फाटली होती. खळीचा तो ओला, गोडसर वास आला आणि सासूबाई आठवल्या.

लेक नर्सिंग शिकायला परभणीला निघाली, तेव्हा हा स्टँड मीच घरी केला होता. लग्नपत्रिकांचे तीन जाड पुठ्ठे घेतले आणि जुन्या खणाच्या पट्ट्यांनी एकमेकांना जोडले. एकावर तिचे बाबा, मधल्यावर सासूबाई. माझा एकटीचा फोटो नव्हताच; मला लाज वाटायची. म्हणून तिसऱ्यावर महादेवाचं चित्र चिकटवायला घेतलं.

सासूबाईंनी हात धरला. "अगं, देवाची कुटं घडी घालतेत का? उद्या पेटीत चपलांपाशी जाईल त्यो! तिथं तू पायजेस."

"मी कशाला, आत्याबाई?"

"मग पोरगी परक्या गावात कुणाचं तोंड बघंल? ऊठ."

जीपमध्ये बसवून त्या मला पाथरीला घेऊन गेल्या. फोटोवाल्यापुढे मी सवयीने पदर पुढे ओढला. सासूबाईंसमोर तो कधी मागे सारला नव्हता. त्याच म्हणाल्या, "घे गं मागं. लय लाजलीस आता. लेकीला आई दिसू दे."

त्या जाऊन बरीच वर्षं झाली. आज नवी पट्टी लावून स्टँड मिटून पाहिला. मिटला की आम्हा दोघींचे फोटो समोरासमोर येतात. माझा पदर मागेच आहे.