तूप, ऊन आणि दीड तासाची कावीळ

मला कावीळ झाली दुपारी साडेबाराला आणि उतरली दोन वाजता.

त्याचं असं झालं. डॉक्टर म्हणाले, "ड जीवनसत्त्व कमी आहे," आणि गोळ्या दिल्या. त्या मी कपाटात ठेवल्या आणि मोबाइलवरच्या एका उघड्याबंब गोऱ्या माणसाचं ऐकलं. भाकरी-भाजी बंद, फक्त मटण, अंडी, मासे! भर उन्हात पडा, आणि अंगाला लावायची तीही जनावराची चरबीच!

चरबी कुठून आणणार? बायकोनं सुनेच्या बाळंतपणासाठी जपलेलं तूप होतं. अर्धी बरणी लागली. (माझी पाठ रुंद आहे.)

आमच्या कुरुंदा गावात उघड्यानं झोपायला जागा कुठली? घरामागं ताडपत्रीवर वाळलेली हळद सकाळीच पॉलिशच्या यंत्रावर गेली होती, ताडपत्री मोकळी दिसली. चड्डीवर पालथा पडलो. चष्मा काढला होता, त्यामुळे ताडपत्रीवरची धूळ दिसली नाही. झोप मात्र छान लागली.

उठून सदरा घालून घरात आलो, तर बायको किंचाळली, "अवं, तोंड पिवळंजर्द काहून झालं?"

आरशात पाहिलं. तोंड, मान, हात, सगळं पिवळं! ताडपत्रीवरची हळद तुपानं धरून ठेवली होती. पण तूप कबूल कोण करणार? मी म्हणालो, "जरा अशक्तपणा वाटून राहिलाय."

"कावीळ!" बायको रडू लागली. "माझ्या भावानं सिद्धेश्वर धरणाचे मासे आणलेत, त्याला हात लावायचा न्हाई. ताकभात खायचा, महिनाभर!"

चुलीवर रस्सा खदखदत होता. खरं सांगावं तर तूप उघडं पडणार, न सांगावं तर मासे जाणार. मी विचार करेपर्यंत मेव्हणा सखूआत्यांना घेऊनही आला. शेजारच्या सखूआत्या कावीळ उतरवतात. चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ निघाली!

मी हात बुडवले. पाणी लालभडक झालं!

"रगत!" मेव्हणा दोन पावलं मागं सरला. "दाजी, तुमी खाली बसा!"

सखूआत्यांनी बोट बुडवून पाहिलं. "कशाचं रगत! हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, बाबा. ह्यो माणूस हळदीत लोळला!"

बायकोचं रडणं थांबलं. तिनं माझा हात हुंगला.

"मग हळदीला तुपाचा वास काहून येऊन राहिला?"

मी सगळं सांगितलं. कुणी विचारण्याआधी गोऱ्या माणसाचंही नाव घेतलं. बायको एकदाच म्हणाली, "व्हय का!" आणि स्वयंपाकघरात गेली.

सखूआत्या उपचाराचे पैसे घेत नाहीत. म्हणून माझ्या वाट्याचं ताट त्यांच्यापुढं आलं. मी भाजलेली पाठ भिंतीपासून वीतभर लांब धरून ताकभात कालवत बसलो.

आत्यांनी सावकाश काटा काढला आणि म्हणाल्या, "चाळीस वर्सं कावीळ उतरवून राहिले, पण असा चवदार पेशंट पयल्यांदाच मिळाला!"