विहीर येऊ दे

आमच्या पुंडलिकनगरच्या बिल्डिंगीत खालच्या मजल्यावर एकजण राहतो, तिशीचा असंल. सारखा जिन्यात बसून तळहाताएवढ्या मशीनवर तलवारीचा गेम खेळतो. मी बाळाला घेऊन उतरले की वर न बघताच गुडघे बाजूला करतो. मला त्याची भीतीच वाटायची.

एकदा धीर करून इचारलं, "भाऊ, लहान लेकरांचा गेम हाय ना हा?"

"नवाच हाय वहिनी, मुद्दाम जुन्यासारखा केलाय. मागं वळलं की मारलेले राक्षस परत उभे, लई वैताग. पण आपला गडी हळूहळू ताकदीचा होतो, ते भारी वाटतं."

त्या गेमात विहीर आली तरच खेळलेलं जपून राहतं, मधीच बंद केलं तर मागच्या विहिरीपासून परत सगळं. त्याची आई जेवायला हाका मारायची अन् हा म्हणायचा, "विहीर येऊ दे."

परवा दुपारी बाळाला तापात आकडी आली, डोळे पांढरे झाले, घरात मी एकटी, तशीच त्याला उचलून जिन्यात पळाले. त्यानं बाळाकडं बघितलं, मशीन खटकन बंद केलं अन् स्कूटर काढली. आम्हाला मागं बसवून थेट दवाखान्यात नेलं.

बाळ शुद्धीवर आलं तवा मी म्हणलं, "भाऊ, तुमची विहीर राहिली."

"शेवटच्या राक्षसापाशी होतो," तो म्हणला अन् बाळाचा पाय हळूच धरला.