दोघांपुरती वाकळ

कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत बाबासो शेडगे सुई-दोरा घेऊन दारात बसला, तेव्हा समोरच्या जयमालानं आधी आपला चष्मा पुसून घेतला. तिचा डोळ्यांवर विश्वास बसेना, आणि त्यात तिची काही चूक नव्हती. ज्यानं उभी हयात मार्केटात कांद्याच्या गोण्या पाठीवर वाहिल्या, ज्याला आपली बनियन कुठल्या खणात असते हेही बायकोला हाक मारून विचारावं लागायचं, तो माणूस भर दुपारी पाय पसरून मांडीवर वाकळ घेऊन बसला होता. शर्टाच्या बटणालासुद्धा कधी त्यानं हात लावल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

वाकळ होती शकुबाईची, म्हणजे त्याच्या बायकोची. दिवाळीच्या तोंडावर ती गेली. धड आजारपणही काढलं नाही. सकाळी छातीत कळ आली आणि दुपारी सगळं आटोपलं. तिच्या साड्या सुनेनं घड्या घालून पेटीत ठेवल्या, बांगड्या, चप्पल, चष्मा जिथल्या तिथे गेलं. राहिली ती एवढी वाकळ. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घातलेले, कडेपासून आत आत फेरे शिवत आणलेले, मधला भाग तेवढा मोकळा. चालू फेऱ्यात सुई टोचलेली तशीच होती. सुईत दोरा होता. जणू बाई चहा टाकायला उठली होती आणि आत्ता येणार होती.

आता नव्या मुंबईत वाकळ काय कामाची? इथे माघातही पंखा लागतो. पण ती इथल्यासाठी नव्हतीच. बाबासो मार्केटातून निवृत्त झाला की दोघांनी गावी जाऊन राहायचं, असं शकुबाईनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. गाव कोयनेच्या अंगाला, डोंगरात. थंडीत तिथे पहाटे हातपाय आखडतात. म्हणून तिनं ही वाकळ घातली, आणि घातली ती चांगली ऐसपैस, दोघांपुरती.

"म्हातारपनी एका पांघरुनात? लोकं हसतील की," बाबासो म्हणाला होता.

"हसू द्यात. थंडी लोकांस्नी वाजनार हाय का तुमास्नी?" शकुबाईनं मान वर न करताच विचारलं होतं.

ती गेल्यावर घरात एक विचित्र गोष्ट झाली. तिचं नाव घेणंच बंद झालं. मुलगा राजवर्धन न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटाकडे कामाला. तो उजाडता जायचा, अंधार पडल्यावर यायचा. सून सुनयनाचं ऑफिस महाप्याला, आठवड्यातले काही दिवस घरूनच लॅपटॉपवर काम. बापाला वाईट वाटेल म्हणून मुलगा बोलायचा नाही, मुलाला वाईट वाटेल म्हणून बाप बोलायचा नाही, आणि दोघांना वाईट वाटेल म्हणून सून तोंडाला कुलूप लावून बसायची. तिघं मिळून टीव्ही बघायची. भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे चुकून नजर गेली तर जो तो लगेच दुसरीकडे बघायचा. मार्केटातून निवृत्त होऊन आता दिवसभर घरीच असलेल्या बाबासोचा जीव त्या घरात घुसमटत होता. त्याला बायकोची आठवण येत होती हे तर झालंच, पण आठवण काढायला सोबतही नव्हती.

अशात सुनयनानं सहज विषय काढला. "मामा, आपल्या सेक्टरात एक जण मशीनवर गोधड्या शिवून देतो. आत्यांची वाकळ देऊ का त्याच्याकडे? एका दिवसात होईल."

पोरगी चांगल्या मनानं बोलली होती. पण बाबासोच्या कपाळावर आठ्या पडल्या. "मशीन?" एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं वाकळ खाली काढली आणि तीच सुई, तोच दोरा घेऊन दारात बसला.

त्याला शिवणं येत नव्हतं असं मात्र म्हणता यायचं नाही. गोणीचं तोंड शिवण्यात त्याचा हात धरणारा त्याच्या टोळीत कुणी नव्हता. दाभणात सुतळी ओवून एवढाले टाके घालायचे, खस्सकन ओढायचे, पुढची गोणी घ्यायची. तोच हात इथे चालला. शकुबाईचे टाके तिळासारखे बारीक, एकामागोमाग एक, आणि त्याच्या पुढे बाबासोचे बोटबोटभर लांब. त्याला वाटलं, काम झकास चाललंय. वीतभर शिवून त्यानं गाठ मारली आणि तंबाखू मळायला घेतली.

जयमाला रस्ता ओलांडून आली. ती शकुबाईच्या माहेरची, त्यामुळे थट्टेचा हक्क तिच्याकडे लग्नापासून होता. तिनं वाकळ हातात घेतली, उलटीपालटी केली.

"दाजी, ह्यात काय कांदं भरून पाठवायचं हाईत का?"

बाबासो हसला, पण बोचलं त्याला. ती गेल्यावर त्यानं चष्मा लावून नीट बघितलं. शकुबाईच्या ओळीला त्याच्या टाक्यांचं शेपूट लागलं होतं, आणि ते शेपूट भलतंच बेंगरूळ दिसत होतं. ठीक आहे, उसवून टाकू, त्यानं ठरवलं. आणि इथेच त्याच्या हातानं घात केला.

गोणी उघडायची माथाड्याची रीत असते. एका टोकाची गाठ कापायची, मधला दोरा बोटाला गुंडाळायचा आणि एक हिसडा द्यायचा. शिवण सरसर निघते. बाबासोनं तसंच केलं. त्याच्या बाजूचा दोरा आला, आणि त्याच हिसड्यात शकुबाईच्या बाजूचाही आला. शकुबाई वाकळीला गाठ कधी मारत नसे. निजणाऱ्याच्या अंगाला गाठ टोचते, म्हणून ती दोऱ्याचं टोक थरांच्या आत नुसतं लपवून टाकायची. गोणीला गाठ असते, वाकळीला नसते, हे गोणीवाल्याला कुठून कळणार? त्याच्या हातात सबंध दोरा लोंबत राहिला. तिनं घातलेली शेवटची ओळ, हात थांबण्याआधीची, त्यानं अर्ध्या क्षणात उपटून काढली होती.

तिला अग्नी दिला तेव्हा त्याला धरायला चार माणसं होती. आत्ता कुणी नव्हतं. आपल्या हातानं तिला पुन्हा एकदा घालवली असं त्याला वाटलं, आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती, कारण घरात तिचं नाव निघत नव्हतं.

संध्याकाळी सुनयना दिवा लावायला बाहेर आली तरी तो तिथेच. त्याच्या हातातला लोंबता दोरा तिनं बघितला. वाकळ उचलून आत आणली, ट्यूबलाइटखाली धरली आणि म्हणाली, "मामा, भोकं आहेत बघा."

खरंच होती. महिनोन् महिने दोरा बसून कापडाला पडलेली बारीक भोकं, ओळीनं. बाबासोच्या सुईचीही होती, पण ती तासाभराची. ओलं बोट चोळल्यावर ती बुजली. शकुबाईची भोकं कापडानं धरून ठेवली होती. दोराही सरळ होईना, टाक्याटाक्याची वळणं त्याच्या अंगात राहिली होती.

दुसऱ्या दिवसापासून बाबासो तोच दोरा त्याच भोकांतून परत घालू लागला. खिडकीशी बसायचं, कापड उजेडाला धरायचं, भोक शोधायचं, सुई आत, पुढचं भोक, सुई बाहेर. मानेला रग लागायची. गोणी उचलताना कधी आला नसेल असा घाम त्याला सुई उचलताना यायचा. दिवसाकाठी करंगळीएवढी शिवण व्हायची. घाई त्याला नव्हतीच. जितकी भोकं शिल्लक, तितकी ती शिल्लक, असा त्याचा सरळ हिशेब होता.

आणि भोकं बोलायला लागली. सुरुवातीची अगदी दाट, म्हणजे जेवणं उरकून निवांत बसली असणार. मध्ये एक टाका तिरका गेलेला. कुकरची शिट्टी नाहीतर दाराची बेल. मग हळूहळू टाके जरा लांबत गेलेले, आणि पुढे दुसऱ्या दिवसाचे पुन्हा दाट. ते बघून बाबासो चक्रावला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याची मार्केटातून यायची वेळ होत आली की तिची धांदल उडायची. चहाचं आधण, अंघोळीचं पाणी. ते लांब टाके त्याच्या वाटेकडे डोळे लावून घातलेले होते. इतकी वर्षं घरी आलं की चहा तयार असायचा, आणि त्याला वाटायचं चहा आपोआप होतो.

एकदा सुनयना घरीच होती. भाजी निवडत समोर बसली आणि विचारावं की नाही अशा आवाजात तिनं विचारलं, "मामा, आत्या लग्नात कशा दिसत होत्या हो?"

बाबासोची सुई थांबली, पुन्हा चालू लागली. "दिसायची कसली, रडत हुती. मुंबईला जायचं म्हनून न्हाई. तिची शेरडी हुती एक, ती संगं न्यायची म्हनून."

सुनयना हसली. मग तो बोलतच सुटला. पहिल्यांदा खाडीचा वास आला तेव्हा शकुबाई नाकाला पदर लावून झोपली होती ते, समोसा पहिल्यांदा खाल्ला आणि करंजी तिखट झाली म्हणून दुकानदाराला परत द्यायला निघाली ते. राजवर्धन त्या दिवशी कामावरून लवकर आला, तो बूट न काढता दारातच उभा राहून ऐकू लागला. "आणि माझ्या शाळेत मास्तरांशी भांडली होती ते सांगा की," तो म्हणाला. तिचं नाव त्या घरात पुन्हा फिरू लागलं. तिघंही हसत होती आणि तिघांचेही डोळे भरले होते.

दिवा लावायला उठताना सुनयनानं वाकळीकडे बघितलं आणि थबकली. "मामा, भोकं तर संपली."

"कुठं संपली?"

"मागंच कुठंतरी. पुढचं तुमचं तुम्हीच शिवलंय."

बाबासोनं कापड उजेडाला धरलं. पुढे एकही भोक नव्हतं, आणि तरी शिवण चाललेली होती, बारीक, तिळासारखी. तो मागे मागे बोट फिरवत गेला. तिचा शेवटचा टाका त्याला हवा होता. तिथे पोहोचल्यावर आपण थांबायचं, तिच्याशी दोन शब्द बोलायचे, असं त्यानं मनाशी योजून ठेवलं होतं. आता तो टाका सापडेना. ती कुठे संपली आणि आपण कुठे सुरू झालो, हे ना डोळ्याला कळत होतं ना बोटाला. मुलासुनेसमोर तो लहान पोरासारखा रडला. राजवर्धन त्याच्या शेजारी बसला आणि सुनयनानं त्या दिवशी दिवा उशिरा लावला.

मधला भाग बुजायच्या आधी शकुबाई वाकळीच्या पोटात भाकरीचा घास ठेवायची. ही तिच्या माहेरची चाल. आधी हिला खाऊ घालायचं, मग हिच्याकडं ऊब मागायची, असं तिचं म्हणणं. बाबासोनं स्वतःच्या ताटातली भाकरी मोडली, चिमटीएवढा तुकडा उन्हात वाळवला, तिच्या साडीच्या चिंधीत बांधून आत ठेवला आणि वरून शेवटचा फेरा घातला. गाठ मारली नाही. टोक आत लपवलं.

तेव्हा मे महिना लागला होता. कोपरखैरण्यात जीव नकोसा करणारा उकाडा होता. "आता गावी थंडी पडेल तेव्हा न्या," सुनयना म्हणाली, आणि बाबासोनं मान डोलावली.

दुपारी ती चहा घेऊन आत गेली. बाबासो कॉटवर वाकळ पांघरून गाढ झोपला होता. कपाळावर घाम डबडबला होता. तो कॉटच्या अगदी कडेला अंग चोरून निजला होता, आणि भिंतीकडची अर्धी वाकळ नीट, सुरकुती न पाडता पसरून ठेवलेली होती. सुनयनानं पंखा तेवढा मोठा केला, आणि चहा झाकून ठेवला.