बाळंतिणींच्या माळावरच्या आत्याबाई

माझ्या बायकोच्या आत्याबाईंनी जितकी माणसं आयुष्यात हाकलून दिली असतील, तितकी अकोल्याच्या एसटी स्टँडावर वर्षभरात उतरलीही नसतील. आणि त्यातली निम्मी तरी पुढच्या रविवारी पुन्हा त्यांच्याच दारात आली असतील. सरकारी दवाखान्याच्या बाळंतीण वॉर्डात त्यांनी सिस्टर म्हणून सगळी नोकरी काढली. निवृत्त होऊन त्या गावी परतल्या, त्याच सुमारास गावाच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे गायरानाच्या माळावर, तणमोर दिसला. हा गवतात राहणारा, कोंबडीएवढा आणि आता फारसा कुठे न उरलेला पक्षी. ग्रामसभेनं माळ राखायचं ठरवलं, समिती नेमली, आणि अध्यक्ष व्हायला कोणी तयार होईना म्हणून सिस्टरबाईंचं नाव लिहून टाकलं. गावाला वाटलं, नाव कागदावर राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई माळाच्या फाटकावर हजर.

माळावर जायची वेळ दवाखान्यात भेटायला जायची असते तशी, दुपारी चार ते सहा. एका वेळी चार माणसं, तीही पायवाटेनं, मोबाइल बंद करून. भडक शर्ट चालत नसे, अत्तर चालत नसे, आणि शिंक तर मुळीच चालत नसे. मला एकदा आली, तेव्हा भाचीचा नवरा म्हणूनही सूट मिळाली नाही. "जवाईबापू, घरी जाऊन शिंका," म्हणत त्यांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. अमरावतीच्या राजापेठेतले दोन कॅमेरेवाले सकाळी सातलाच येऊन उभे राहिले. पक्षी सकाळीच दिसतो, दुपारी चारला तो येणार आहे का, असं त्यांनी विचारलं. "तो येते का नाई, मले माईत नाई. तुमी चारले या." एका मोठ्या साहेबांची जीपही त्यांनी अशीच अडवली. "मला ओळखलं नाही वाटतं," साहेब म्हणाले. "ओळखलं ना जी. पण आतमंदी बाळंतिणी हायेत." साहेब मुकाट्यानं उतरले आणि काय वाटलं कोण जाणे, बूट काढायला लागले. "ते राहू द्या," आत्याबाई म्हणाल्या, "काटे हायेत."

पण हाकलायची माणसंच भुकेली असली की काय करायचं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्या काळात वऱ्हाडात शेतीचं आधीच काही धड नव्हतं, आणि त्या वर्षी तर पोळ्याआधीच पावसानं तोंड फिरवलं. बांधावरचं गवत संपलं, जनावरांसाठी साठवलेलं कुटार संपलं. सबंध शिवारात हिरवं म्हणावं असं एकच ठिकाण उरलं, ते म्हणजे आत्याबाईंचा माळ. एका दुपारी गावातली पंधरा-वीस माणसं फाटकाशी आली. मी त्या दिवशी तिथंच होतो. पुढे शब्बीरभाई होते. दुधाचा धंदा करणारे, तीन म्हशींचे मालक, एरवी आत्याबाईंना रोज न चुकता सलाम करणारे.

"बाई, फाटक खोला," ते म्हणाले.

"अंडी हायेत अंदर, शब्बीरभाई. महिनाभर थांबा."

"महिन्यानं म्हशी कुठून आणू? तुमच्या पाखराले लेकरं हायेत, मंग माह्या म्हशीले नाईत काय?"

आत्याबाईंनी फाटक उघडलं नाही. संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाल्या, "वॉर्डात खाट एक अन् बाया दोन, असं रोज व्हायचं. मी कोनाले बाहेर नाई काढलं. खाली गादी टाकली, पण दोघीले अंदर घेतलं."

पुढचे दोन दिवस त्यांनी माळ पावलापावलानं पालथा घातला. तितराची, चंडोलाची घरटी सापडली. प्रत्येकाभोवती काठ्या रोवून त्यांना पांढऱ्या बँडेजच्या चिंध्या बांधल्या. तणमोराचं घरटं काही सापडलं नाही. तरी तिसऱ्या दिवशी त्यांनी फाटक उघडलं. जनावरं बाहेर, एका घरामागे एकच माणूस, हातात फक्त विळा. "जपून कापा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मला प्रथमच लहान वाटला.

दुपारी माळाच्या मधून शब्बीरभाईंच्या बायकोची, रेहानाभाभींची हाक आली. "इधर कोई मत आना!" त्यांच्या विळ्यासमोरून तणमोराची मादी उडाली होती. गवताच्या बुडाशी चार अंडी होती. सगळ्या माळात गवत तिथंच दाट होतं. भाभींनी ते तसंच ठेवलं, ओढणीची किनार फाडून चारी बाजूंनी गवताला बांधली, आणि अर्धाच भारा डोक्यावर घेऊन घरी गेल्या. मादी परत येईल का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्बिणीतून पाहिलं, तर ती अंड्यांवर बसलेली. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि लगेच शब्बीरभाईंवर ओरडल्या, "मोठ्यानं काहून बोलून रायले?"

पुढे तिथं नुसती टरफलं मिळाली. पिल्लं मोठी झाली की कुत्र्यांनी नेली, देव जाणे. "सुट्टी झाली म्हनायचं," आत्याबाई वॉर्डातून बाळंतीण घरी सोडल्यासारखं म्हणाल्या. शब्बीरभाईंच्या म्हशीही जगल्या, एक सोडून.

दोन वर्षांनी ऐन पावसाळ्यात गुडघ्यांनी दगा दिला आणि अमरावतीचा पुतण्या त्यांना न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "आत्याबाई, नराची ती उडी तुम्ही किती वेळा पाहिली असेल?" पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून सरळ वर उडी मारतो, लोक तेवढ्यासाठी लांबून येत.

"एकदाबी नाई," त्या म्हणाल्या. "माह्यं तोंड सदा रस्त्याकडं. मानसं रस्त्यानं येत, जवाईबापू."

मी त्यांची फाटकावरची खुर्ची उचलून माळाकडे वळवली. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. एकदा लांबवर काही तरी काळं उसळल्यासारखं वाटलं. मी घाईघाईनं विचारलं, "दिसला?"

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी कपाळावर हात धरून तिकडे पाहिलं.

"गवत हाललं," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून हळूच उठल्या.