गेरूची फुली

अण्णा कोणाच्या वाडीत शिरले की आधी झाडाला हात लावत, मालकाला रामराम नंतर. कोयत्याच्या पाठीने बुंध्यावर तीन-चार ठिकाणी ठोकायचं, कान लावायचा, मुळाशी बसून माती चिमटीत घेऊन बघायची आणि मग गुडघे धरून उठत म्हणायचं, "हां, आता बोला." तोवर मालक जे काही बोललेला असे, त्यातलं अक्षरही त्यांच्या कानात शिरलेलं नसे. आमच्या श्रीवर्धनकडच्या किनाऱ्यावर झाडं तोडणारे पुष्कळ होते. झाड ठेवायचं की काढायचं हे विचारावं असा माणूस मात्र एकच होता.

त्यांच्या पिशवीत दोन डबे असत, एक चुन्याचा आणि एक गेरूचा. झाड राहू द्यायचं असेल तर बुंध्याला चुन्याचा पट्टा, काढायचं असेल तर गेरूची फुली. चुना लावताना ते गप्पा मारत, विड्या ओढत, मालकाची थट्टा करत. गेरूच्या डब्याला हात घालण्याआधी मात्र चपला काढून बाजूला ठेवत. मी एकदा हसलो तेव्हा म्हणाले, "ह्याला बोलता येत न्हाय ना. म्हणून आपण दोनदा बघायचं." फुली मारल्यावर त्या दिवशी ते त्या झाडाच्या सावलीत बसत नसत. उन्हात बसून काळा चहा पीत, आणि चहात साखर कमी पडली म्हणून कुरकुरत.

मुंबईतली नोकरी सुटून मी गावी आलो होतो, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते चक्रीवादळ आलं. आमच्याकडच्या माणसांना त्याबद्दल काही सांगायला नको. चार-पाच तासांत पिढ्यांच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळी काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, माड छपरांवर पडले, रस्ते दिसेनासे झाले. मी धावपळ करून लाकूड कापायची मशीन आणली आणि अण्णांना म्हटलं, तुम्ही खुणा करा, मी कापतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, एखाद्या झाडाकडे बघावं तसं. फक्त ठोकून बघायचं बाकी ठेवलं. मग म्हणाले, "चल."

पहिल्याच आठवड्यात एका बंगल्याचे मालक मुंबईहून गाडी घेऊन आले. त्यांच्या कुंपणावर आंबा कलला होता. आधी आमच्याकडे या, सांगाल ते देतो, असं ते परत परत सांगत होते. मला मोह झाला, खोटं कशाला बोलू? अण्णांनी एवढंच विचारलं, "झाडाखाली कोन अडकलाय काय?" कोणी अडकलं नव्हतं. "मग उद्या." आणि आम्ही गेलो ते एका म्हाताऱ्याच्या झोपडीकडे, जिथे माड दारावर पडल्यामुळे तो मागच्या खिडकीतून ये-जा करत होता. आधी माणूस, मग रस्ता, मग वाडी, हा त्यांचा क्रम होता. पैसेवाला आला म्हणून त्यात बदल झाला नाही. दरही वादळाच्या आधी होता तोच ठेवला. बाहेरून आलेल्या टोळ्या तिप्पट मागत होत्या. त्यांचा विषय निघाला की अण्णा थुंकायचे आणि दुसरं काही बोलायचे.

आडवं झालेलं प्रत्येक झाड मेलेलंच असतं असं ते मानत नसत. एका वाडीतला चिकू मुळासकट कलला होता आणि मालकाने तो सरपणात काढला होता. अण्णांनी त्याच्या फांद्या उतरवल्या, दोर बांधले, आम्हा आठ जणांना ओढायला लावलं, खड्ड्यात माती तुडवली आणि चुन्याचा पट्टा ओढला. अर्धा दिवस त्यात गेला. तेवढ्या वेळात मी दहा झाडं कापली असती, असं मी बोलून दाखवलं. माझ्या मशीनवर त्यांचा रागच होता. "हातानं कापताना अर्ध्यावर कळतं, आपण चुकतोय ते," ते म्हणाले. "तुझ्या मशीनला कळंस्तोवर झाड खाली." तो चिकू आजही फळं देतो. मी त्या रस्त्याने जाताना मान वळवून दुसरीकडे बघतो.

का, ते आता सांगायला हवं.

नलूमावशीच्या अंगणात तिच्या सासऱ्यांनी लावलेला कापा फणस होता. नवरा गेल्यावर ती त्या फणसाचे गरे तळून बोर्लीच्या बाजारात विकायची आणि वर्षाचा मोठा खर्च त्यावर भागवायची. वादळात त्याची एक फांदी मोडली, बाकी झाड जागचं हललं नाही. तरी मावशीला धास्ती बसली, झाड घरावर आलं तर काय करू? अण्णांनी येऊन बघून जावं असा तिने माझ्याकडे निरोप दिला. अण्णा तेव्हा तापाने घरी पडले होते. डबे त्यांनी माझ्याकडे ठेवले होते.

त्याच दिवशी लाकडाचा एक व्यापारी ट्रक घेऊन आला होता. पडलेली लाकडं वाड्यावाड्यांत कुजत होती आणि ती कोणी उचलत नव्हतं. हा म्हणाला, सगळं उचलतो, पण त्याबरोबर जाड बुंध्याचा एक चांगला फणस द्या, दारं-खिडक्यांना पाहिजे. गावाचं कामच होतंय, मी मनाशी म्हटलं. फांदी मोडलीच आहे, झाड जुनंच आहे, पुढच्या वादळात पडेलच. स्वतःला पटवायला मला फार वेळ लागला नाही.

मावशी बहिणीच्या घरी पत्रे लावायला गेली होती. अंगणात कोणी नव्हतं. मी गेरूचा डबा उघडला आणि फुली मारली. मारताना मी चपला काढल्या होत्या. बघायला कुत्रंही नसताना मी त्या का काढल्या, हे मला अजून कळलेलं नाही. त्या फुलीची मला जेवढी लाज वाटते, त्याहून जास्त त्या काढलेल्या चपलांची वाटते.

मावशी परत आली. फुली बघून तिने मला काही विचारलं नाही. झाडाला हळदकुंकू लावलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "अण्णांनी केलीय म्हंजे बघूनच केली असंल." मी मशीन सुरू केली. अर्ध्यावर आल्यावर पिवळंधमक, कीड नसलेलं, ओलं लाकूड दिसलं. अण्णा म्हणाले होते तसं मशीनला नाही, पण मला कळलं होतं. मी थांबलो नाही. ओंडके व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये गेले. फणसाचा चीक हाताला लागला, तो खोबरेल तेल चोळून काढला.

दोन दिवसांनी अण्णा काठी टेकत आले. उरलेल्या खुंटाजवळ बसले. कापलेल्या भागावरून तळहात फिरवला, मधोमध नखाने टोचून बघितलं. शेजारपाजारचे चार लोक उभे होते. मावशीने विचारलं, "आतून पोकळ व्हता ना हो, अण्णा?"

त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मी मशीनची साखळी पुसत होतो.

"न्हाय," अण्णा म्हणाले. "चांगला व्हता. माझी चूक झाली."

मावशी घरात गेली आणि दार लावून घेतलं. परत जाताना मी त्यांना कसंबसं विचारलं, माझं नाव का नाही घेतलंत? ते म्हणाले, "डबे माझे. तुझ्याकडं ठेवले मी. चूक माझीच." ते मला टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखर तसं वाटत होतं, आणि मी त्या वाटण्याचा फायदा घेतला. मावशीच्या दाराकडे परत वळलो नाही.

त्यानंतर त्यांनी चुन्यालाही हात लावला नाही, गेरूलाही नाही. कोणी बोलवायला आलं तर म्हणत, माझी नजर गेली. लोकांनीही ते धरून ठेवलं. अण्णांची नजर गेली, म्हाताऱ्याने नलूचा धडधाकट फणस पाडला, असं चहाच्या टपरीवर बोललं जाई आणि मी तिथेच चहा पीत असे. पुढच्या पावसाळ्याआधी लोकांनी भीतीपोटी कितीतरी बरी झाडं पाडली, कारण विचारायला कोणी राहिलं नव्हतं. कापायला मलाच बोलवत. अण्णांच्या हाताखालचा आहे, असं म्हणून बोलवत.

अण्णांनी एक काम मात्र सोडलं नाही. त्या फणसाच्या शेवटच्या आठळ्या त्यांनी कुणाच्यातरी घरातून मागून आणल्या, त्यातली एक रुजवली आणि रोप मावशीच्या अंगणात लावलं. आठळीतून आलेलं झाड कापा निघेल की बरका, ते फळ धरेपर्यंत कोणालाच सांगता येत नाही. ते फळ बघण्याएवढं आयुष्य आपल्याला नाही, हे त्यांना माहीत होतं. तरी उन्हाळाभर ते एक दिवसाआड काठी टेकत जायचे, विहिरीवरून कळशी भरायचे आणि रोपाला घालायचे. असे तीन उन्हाळे गेले. चौथ्याच्या तोंडावर ते गेले.

तेराव्याचं जेवून मी तसाच मावशीकडे गेलो. रोप माझ्या छातीएवढं झालं होतं. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, व्यापारी, डबा, फुली, सगळं. चपलांचंही. ती शिव्या देईल, निदान सूप अंगावर फेकेल, असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेलो होतो.

तिचे हात थांबले. ती रोपाकडे बघत राहिली.

"तीन उन्हाळं आले ते हितं," ती म्हणाली. "भर उन्हात. मी दार लावून घ्यायची. फटीतनं बघायची. एकदा पायरीवर बसले व्हते, दम लागला म्हून. मी त्यांना पेलाभर पाणी विचारलं न्हाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ते असताना सांगायचं व्हतंस रे, प्रकाश. आता मी कोनाला पाणी देऊ?"

मी ओझं उतरवायला गेलो होतो, आणि ते तिच्या डोक्यावर ठेवून आलो. आता त्या रोपाला मी पाणी घालतो. मावशी दार उघडं ठेवते आणि मी तिथे पोचलो की पायरीवर पाण्याचा पेला आणून ठेवते. तो पेला उचलायचा मला अजून धीर झालेला नाही.