मेडशीचे संशयित मिस कॉल

“टावर तुमचा, सिम तुमचं, अन् मोटार चालू झाली नाही की म्हणता स्टार्टर खराब! मी काय येडी हाओ?”

शोभाकाकू खाटेवरून माझ्यावर ओरडत होत्या. उजवा पाय प्लास्टरमध्ये, पायाखाली दोन उशा, हातात बटणांचा फोन. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर मी, मांडीवर लॅपटॉप. मे महिन्यातली मेडशी, वर नुसती गरम हवा फिरवणारा पंखा, आणि माझंही डोकं तापलेलं. काकूंचं म्हणणं मला पटत होतं, पण लॅपटॉपवर सगळं हिरवंगार दिसत होतं. टॉवर चालू. कॉल चालू. अडचण कुठं म्हणून नाही.

मी एका मोबाईल कंपनीत नेटवर्क इंजिनिअर आहे. ऑफिस वाशीमला, माहेर अनसिंगचं. स्वभावानं फटकळ आहे, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे लपवत नाही.

काकूंची गावाबाहेर शेडनेटची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीखाली ट्रे मांडलेले असतात आणि त्यात मिरची, वांगी, टमाट्याची रोपं. आजूबाजूचे भाजीपाला लावणारे लोक पेरणीच्या सुमाराला त्यांच्याकडूनच रोपं नेतात. ट्रेच्या एका खणात असतो चिमूटभर नारळाचा भुसा. उन्हाळ्यात तो बघता बघता कोरडा होतो. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं पाणी द्यावंच लागतं. एक पाळी चुकली की रोप मान टाकतं, रोजच चुकू लागली की गेलंच समजा.

काका गेल्यापासून हे सगळं काकू एकट्या बघतात. त्यात त्या पायरीवरून घसरल्या आणि पाय मोडला. घरचे, दारचे, सगळे म्हणाले, यंदा बंद ठेवा. काकू म्हणाल्या, “पाय मोडला हाय, हात नाही मोडला. घरून चालवीन.”

आणि खरंच चालवत होत्या. विहिरीवरच्या मोटारीला त्यांनी मोबाईल स्टार्टर बसवला होता. आमच्या भागात हा घरोघरी आहे. एक छोटी पेटी असते, तिच्यात सिम कार्ड. शेतीची थ्री फेज लाइन, म्हणजे मोटारीची वीज, ठरावीक तासच असते; ती आली की घरून त्या सिमवर मिस कॉल द्यायचा. पेटी फोन उचलत नाही, नुसता नंबर ओळखते आणि मोटार चालू करते. पुन्हा मिस कॉल दिला की बंद. ठरवून दिलेल्या नंबरशिवाय ती कोणाचंच ऐकत नाही. माझा भाऊही अनसिंगला तसंच करतो. चहाचा कप एका हातात, दुसऱ्या हातानं दोन रिंग, आणि शेतात पाणी.

चार दिवसांपासून काकूंचे मिस कॉल जात होते, पण मोटार चालू होत नव्हती. कॉल सेंटरनं तक्रार घेतली, टॉवर ठीक आहे म्हणून बंद केली. स्टार्टरवाला येऊन बघून गेला, त्याची पेटी ठीक. सकाळी एक बाई कामाला यायची, तेवढं पाणी मिळायचं. दुपारचं कोण देणार? सून काकूंना सोडून हलू शकत नव्हती, आणि लग्नसराई चालू, त्यामुळे शेजारीही कोणी हाताशी नाही. मिरचीच्या कडेच्या रांगा वाळत चालल्या होत्या.

आमचा त्या भागातला टेक्निशियन गजानन. त्यानं मला फोन केला. “मॅडम, काकू रडून राह्यल्या. तुमी एकदा येऊनच पहा.” काकूंना रडताना मी तरी पाहिलं नाही, पण ओरडणं पोटभर ऐकलं.

मी मेडशीला पोचले तेव्हा गजानन रोपवाटिकेत होता. त्यानं आधी हातानं बटण दाबून रोपांना पाणी दिलं, हे बरं केलं. पण त्याला रोज तिथं बसवणं शक्य नव्हतं. जिल्हाभर टॉवर सांभाळायचे असतात त्याला.

मी त्याला फोनवर म्हटलं, “गजानन, पेटीतलं सिम काढून तुझ्या दुसऱ्या फोनमध्ये टाक. मी त्यावर कॉल करते.”

केला. लगेच वाजला.

“आता काकू, तुम्ही लावा.”

काकूंनी लावला. स्पीकरवर रिंग ऐकू येत होती, ट्रिंग, ट्रिंग. त्यांनी सवयीनं कापला. मी दुसऱ्या फोनवर गजाननला विचारलं, “आला?”

“काई नाही आलं, मॅडम.”

पुन्हा लावला. काकूंच्या कानाला रिंग, गजाननच्या हातातला फोन गप्प. माझा कॉल जातो आणि काकूंचा जात नाही. म्हणजे टॉवर नाही, स्टार्टर नाही. मधे कोणीतरी बसून काकूंचा कॉल गिळतंय, आणि वर खोटी रिंग ऐकवतंय. आमच्याच घरातलं कोणीतरी!

इथं थोडं आमच्या कामाबद्दल सांगावं लागेल. पूर्वी आपल्या घरात घड्याळ वेगळं, टॉर्च वेगळी, रेडिओ वेगळा, कॅमेरा वेगळा असायचा. आता सगळं एका मोबाईलमध्ये ॲप म्हणून आलं. आमच्या केंद्रातही तसंच होतं. कॉल जोडायचा एक खोका, इंटरनेटचा दुसरा, तपासणीचा तिसरा. प्रत्येक खोका महागडा आणि हट्टी. नुकतंच आम्ही वाशीमचं सगळं नव्या पद्धतीवर नेलं होतं. आता साधे सर्व्हर, आणि त्यांच्यावर ही सगळी कामं सॉफ्टवेअर म्हणून चालतात. कुठला कॉल कुठल्या वाटेनं न्यायचा हे ठरवणारं डोकंही एकच, त्याला कंट्रोलर म्हणतात. तो पुण्यातून चालतो. पुण्यात बसून एका क्लिकवर दहा जिल्ह्यांत नवीन काम सुरू करता येतं. मला स्वतःला ही पद्धत फार आवडते. तिच्यासाठी मी सहकाऱ्यांशी कितीदा भांडले आहे.

मी पुण्याला सातपुते सरांना फोन लावला. ते आमच्या विभागाचे मुख्य. माणूस चांगला, फक्त ग्राफ दिसला की भान हरपतं.

“सर, नवीन सिस्टिमवर गेल्यावर आपण कॉलच्या वाटेत काही वाढवलंय का?”

“वाढवलंय म्हणजे काय! मेल वाचला नाही का तुम्ही? फसव्या कॉलचा फिल्टर लावलाय. आणि अभिनंदन, तुमचा जिल्हा पहिला आहे.”

“कशात?”

“फसवे कॉल पकडण्यात! ते एक रिंग देऊन कापतात ना, मग बिचारा माणूस उलट फोन करतो आणि अडकतो. असे नंबर फिल्टर ओळखतो आणि त्यांचे कॉल पुढं जाऊच देत नाही. त्यांना रिंग ऐकवत राहतो, म्हणजे पकडलं गेल्याचं कळतही नाही. तुमच्या वाशीमला तर मोठी टोळी आहे हो. ठरावीक वेळ झाली की एकदम ढिगानं नंबर सुरू होतात. दोन रिंग, कट. दोन रिंग, कट. मी वरच्या मीटिंगमध्ये स्लाइड दाखवली.”

मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना.

“सर, त्या ठरावीक वेळेला इथं लाइन येते.”

“कसली लाइन?”

“थ्री फेज. शेतीची. ती टोळी नाही सर, शेतकरी आहेत. मिस कॉल देऊन मोटारी चालू करतायत. ज्यांना चालता येतं ते आता शेतात जाऊन हातानं बटण दाबत असतील.”

मग जरा हळू आवाजात, “पण काही नंबर फारच चिवट आहेत. मेडशीचा एक तर दिवसभर एकाच नंबरवर...”

“ती चिवट बाई माझ्या समोर पाय प्लास्टरमध्ये घेऊन बसलीय!”

फोन स्पीकरवर होता, हे मी विसरले होते. काकू उशीवरून उठून बसल्या.

“मले चोर म्हणून राह्यला का तो? अवं माय! साऱ्या जल्मात कोणाचं रोप इकडचं तिकडं नाही केलं म्या!”

सातपुते सर गडबडले. “नाही, नाही आजी, तसं नाही...”

“आजी कोणाले म्हणतो?”

मी स्पीकर बंद केला. नाहीतर संध्याकाळ तिथंच झाली असती.

सरांची अडचण खोटी नव्हती. फिल्टर बंद केला तर खरे भामटे मोकळे सुटणार. असल्या कॉलनी म्हाताऱ्या माणसांना रडवलेलं आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. मी म्हटलं, बंद करू नका, त्याची अक्कल बदला. भामटा रोज नवीन अनोळखी माणसांना रिंग देतो. शेतकरी महिनोन् महिने एकाच नंबरला देतो. जी जोडी जुनी आहे, तिला सोडा.

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “पण असा बदल दिवसाढवळ्या नाही करत आपण. मंजुरी लागेल. पुढच्या आठवड्यात बघू.”

“पुढच्या आठवड्यात इथं बघायला काही उरणार नाही. नुसते ट्रे राहतील.”

“अहो, काही चुकलं तर दहा जिल्ह्यांचे कॉल...”

“दहा कशाला? फिल्टरची एक वेगळी कॉपी काढा. नवा नियम फक्त त्या कॉपीला द्या. कंट्रोलरला सांगा, मेडशीच्या टॉवरचे कॉल तेवढे या कॉपीतून जाऊ देत. चुकलं तर वाट परत जुनी. बाकी कोणाला धक्का नाही. अख्ख्या कंपनीला हेच सांगत फिरलो ना आपण, की नव्या पद्धतीत हे जमतं म्हणून? मग आता कायले घाबरता?”

रागावले की माझी भाषा अनसिंगला जाते. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “थांबा. टीमला बसवतो. जबाबदारी माझी.” त्यांच्याबद्दलचा माझा राग तिथंच उतरला.

जुन्या खोक्यांच्या काळात हे काम करायला माणूस गाडीनं पाठवावा लागायचा. आता नवी कॉपी उभी राहीपर्यंत काकूंच्या सुनेनं चहा केला आणि मी तो प्यायले, तेवढाच वेळ. गजाननला म्हटलं, सिम पेटीत परत टाक आणि मोटारीपासून लांब उभा राहा.

“काकू, लावा.”

दोन रिंग. कट.

“गजानन?”

“नाई, मॅडम. थंडी हाय मोटार.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी ओरडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, “लाइन जाईन आता थोड्या वेळानं. आजची पाळी गजानन हातानं देईन, उद्या कोण देईन रोपाले?” ते ऐकून मात्र मला खरोखर धास्ती वाटली. ओरडणाऱ्या काकू परवडल्या.

मी आणि पुण्यातली टीम दोघंही पडद्यात डोकं घालून बसलो. माशी कुठं शिंकत होती? नियम नवा होता, कॉल नव्या वाटेनंच जात होता. मग लक्षात आलं. काकूंच्या नंबरवर ‘संशयित’ असा शिक्का आधीच बसलेला होता, आणि नवी कॉपी काढताना तो शिक्काही जसाच्या तसा सोबत आला होता. नवा नियम बघण्याआधीच फिल्टर शिक्का बघून दार लावत होता. मी फोनवर जवळपास किंचाळलेच, “मेडशीचे सगळे शिक्के पुसा!”

पुसले.

“काकू, पुन्हा एकदा.”

काकूंनी डोळे मिटून बटण दाबलं. ट्रिंग. ट्रिंग. कट.

मी दुसरा फोन कानाला लावून बसले. आधी काहीच नाही. मग खट्ट असा आवाज, मग मोटारीची घरघर, आणि तिच्यावर ताण करणारा गजाननचा आवाज. “चालू झाली! मॅडम, चालू झाली! जाळीत पाणी उडून राह्यलं!”

मी फोन काकूंच्या कानाला लावला. त्या बराच वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग पदरानं डोळे पुसले आणि सुनेला हाक मारली, “हिले जेवू घाल वं, सकाळपासून उपाशी बसली हाय पोरगी.” माझा जीव भांड्यात पडला. गरम भाकरी आणि वांग्याची भाजी ताटात आली तेव्हा मला कळलं की किती भूक लागली होती.

मिरचीच्या कडेच्या रांगा वाचल्या नाहीत. बाकीची रोपं टिकली आणि पेरणीच्या सुमाराला लोक ठरल्याप्रमाणे घेऊन गेले. काकूंनी रोपवाटिका एकही दिवस बंद ठेवली नाही. नवा नियम तपासून बाकीच्या जिल्ह्यांतही लागला, आणि सातपुते सरांनी ती स्लाइड निमूटपणे काढून टाकली. पहिला नंबर गेला म्हणून थोडे हळहळले, पण तेवढं चालायचंच.

मी अजूनही या नव्या पद्धतीच्या बाजूनं भांडते. जुने खोके असते तर काकूंची रोपं मंजुरीची वाट बघत वाळली असती. पण एका जागी बसून दहा जिल्हे बदलता येतात म्हणून दहा जिल्ह्यांत लोक काय करतात हे त्या जागेवरून दिसत नाही, एवढं आता आम्ही लिहून ठेवलंय. काही नवं लावायचं असलं की सर आधी मला विचारतात, “मॅडम, हे तुमच्याकडे कोणी भलत्याच कामाला वापरत नाही ना?”

मेडशीहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाशीमच्या ऑफिसात लवकर जाऊन बसले होते. लाइन आली आणि पडद्यावर मेडशीचे कॉल सरसर उतरू लागले. दोन रिंग, कट. दोन रिंग, कट. सगळे पोचत होते. त्यातला काकूंचा नंबर मी शोधून काढला. इतकी वर्षं नोकरी केली ती लोकांचे कॉल उचलले जावेत म्हणून. त्या सकाळी एकही उचलला गेला नाही, आणि मी खुर्चीत मागे टेकून सुखानं चहा प्यायले.