आवाजाला किती गुण?

सरकारी बैठकीचं एक वैशिष्ट्य मला नोकरीभर दिसलं. इतिवृत्तात दोन ओळी उरतात आणि किस्से मात्र पोतंभर! मी तुरुंगाधिकारी म्हणून निवृत्त झालो, नवीन पनवेलमध्ये फ्लॅट घेतला, बाल्कनीत कुंड्या लावल्या आणि आता निवांत पेपर वाचायचा असं ठरवलं, तोच फोन आला. कारागृह शिपायांची निवड आणि प्रशिक्षण यांचे नवे निकष ठरवायचे आहेत, तुम्ही समितीत या. गेलो. तेव्हापासून पोतं भरतंच आहे, आणि बायको म्हणते, "ते बाहेर कुठेतरी रिकामं करा, मला तेच तेच ऐकवू नका."

म्हणून आज तुम्हाला धरलंय.

समिती म्हणजे आम्ही तिघंच. मी, पुण्याहून येणाऱ्या मानसशास्त्राच्या अनघा मॅडम आणि निवृत्त सुभेदार घरत. घरत उरणकडच्या मिठागराच्या गावातले. सगळी नोकरी तुरुंगाच्या दारावर काढलेली, मिशा अजूनही ड्युटीवर!

जुने निकष सोपे होते. उंची, छाती, धाव आणि मैदानभर ऐकू जाईल असा आवाज. मॅडमचं म्हणणं असं, की शिपाई आत दिवसभर धावत नाही, दिवसभर माणसांशी बोलतो, मग बोलण्याची परीक्षा का नाही? त्यांनी 'संवाद चाचणी' काढली. मंजुरी आली, पण अट घालून. एका तुकडीवर प्रयोग करा, प्रशिक्षण संपताना मुख्यालयाचे साहेब येऊन बघतील. त्यांना पटलं तर चाचणी राहील. नाही पटलं तर चाचणी रद्द, आणि तिच्या गुणांवर निवडलेले उमेदवारही घरी!

अशा उमेदवारांत एक होती नम्रता कोळी, उरणजवळच्या करंजा गावची. धावण्यात काठावर, आवाजात नापास, संवाद चाचणीने तारलेली. वयाची मर्यादा संपत आलेली, म्हणजे पुढच्या भरतीला तिला अर्जही करता येणार नव्हता. मुख्यालयाचे साहेब नाही म्हणाले असते, तर हिची खाकी कायमची उतरली असती. याची आम्हा तिघांनाही सारखी धाकधूक होती.

* * *

पनवेलमध्ये भरतीचे क्लास किती आहेत, ते मुलाखतींना बसल्यावर कळलं! पोरं उत्तरं घोटून आलेली.

"बंदी तुम्हाला शिवी देतो, काय कराल?" बंदी म्हणजे तुम्ही ज्याला कैदी म्हणता तो.

"सर, वरिष्ठांना कळवीन!"

"दोन बंदी भांडायला लागले तर?"

"सर, वरिष्ठांना कळवीन!"

घरत वैतागले. "लगीन झालंय का रं तुजा?"

"हो सर."

"बायको रुसली तर काय करशील?"

"सर, वरिष्ठांना कळवीन!"

"घरात वरिष्ठ कोन?"

पोरगं जरा गांगरलं, मग छाती पुढे काढून म्हणालं, "सासूबाई, सर!"

मॅडमनी त्याला प्रामाणिकपणाचे गुण दिले. खरं सांगतो, तो पुढे चांगला निघाला.

त्याच दिवशी नम्रता आली. मी विचारलं, "गर्दी सांभाळायचा काही अनुभव?" म्हणाली, "आईबरोबर मासळीच्या लिलावाला उभी राहते, साहेब." मी म्हटलं, "मग आवाज तर दणदणीत पाहिजे!" ती इतकं हळू बोलत होती की मी पंखा बंद करायला लावला. "आवाज आईचा लागतो, साहेब. मी नुसती बघते, कोन कुनाची टोपली सरकवतंय ते."

घरत माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, ही आपल्याला पायजे." मलाही ती पाहिजेच होती.

* * *

आता घरतांचीच गोष्ट ऐका. तुरुंगाच्या मुख्य दाराला आतलं आणि बाहेरचं अशी दोन फाटकं असतात. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, मग समोर मंत्री का उभे असेनात. हा नियम घरतांच्या हाडात मुरलेला.

त्यांच्या मुलीचं लग्न सुकापूरच्या एका हॉलमध्ये होतं. हॉल एसी, त्यामुळे दाराला काचेचे दोन दरवाजे आणि मधे छोटी लॉबी. वरात आली. वधूपिता घरत स्वागताला दारात उभे, फेटा बांधलेला. नवरदेव लॉबीत शिरला, आणि घरतांनी सवयीने मागचा दरवाजा धाडकन लावून घेतला!

नवरदेव मधे, करवल्या आत, वरमाई बाहेर. भटजी ओरडतायत, मुहूर्त टळतोय. बँडवाले वाजवायचे थांबले. वरमाई काचेवर हात आपटत म्हणाल्या, "अहो व्याही, मुलगा आमचा आहे, सोडा त्याला!"

घरत ताठ उभे राहून म्हणाले, "सुटकेची ऑर्डर हाय का?"

मॅडम हे ऐकून पोट धरधरून हसल्या. पण दुसऱ्या दिवशी अभ्यासक्रमात त्यांनी एक तास वाढवला. ड्युटी संपल्यावर घरी कसं जायचं, त्याचा. माझ्या वेळी असा तास असता तर माझ्या मुलांचं बालपण जरा सुखाचं गेलं असतं, असं मला मनापासून वाटलं.

* * *

झडतीचा धडा आम्ही प्रशिक्षणासाठी भाड्याने घेतलेल्या हॉलमध्येच घ्यायचो. एका खोलीत लोखंडी खाट टाकून नकली कोठडी केलेली. मॅडमनी एक मोबाईलचा चार्जर लपवला आणि तुकडीला सोडलं, "शोधा!"

पोरांनी खोली पिंजून काढली. मग पॅसेज, मग माळा, मग स्वयंपाकघर. चार्जर काही मिळेना, पण टेबलावर माल जमत गेला. गुटख्याच्या पुड्या, पत्त्यांचा कॅट, तांदळाच्या डब्यातून निघालेली एक अर्धी बाटली!

हॉलचा मॅनेजर घामाघूम होऊन माझ्याजवळ आला. "साहेब, तुम्ही ट्रेनिंगवाले म्हणून हॉल दिला होता. ही रेड आहे हे आधी सांगायचं ना!"

त्या दिवसापासून आम्हाला चहा वेळेवर मिळू लागला, तोही आलं घालून. चार्जर मॅडमच्याच पर्समध्ये निघाला. लपवलेला त्यांनी तिथेच, आणि मॅडमची पर्स तपासायची कोणाची छाती झाली नाही. "हाच तर धडा होता," मॅडम म्हणाल्या.

* * *

पुढचा धडा होता उपोषणाला बसलेल्या बंदीचा. बंदी अर्थात घरत. ही भूमिका त्यांना फार आवडायची. नकली कोठडीत पाय पोटाशी घेऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. ताट समोर ठेवलेलं. हॉलवाल्याने नेमकं त्या दिवशी सुरमई तळलेली!

एकेक प्रशिक्षणार्थी आत जाऊन त्यांचं मन वळवू लागला. एकाने आरोग्यावर भाषण दिलं. एकाने कायद्याची कलमं ऐकवली. एकाने दम दिला. एक तर हात जोडून म्हणाला, "काका, माझ्यासाठी दोन घास खा!" घरत ढिम्म. बाहेर आमची जेवणं उरकली, सुरमई गार झाली.

शेवटी नम्रता आत गेली. खाटेपासून जरा लांब, जमिनीवर बसली आणि म्हणाली, "काय झालं?"

घरत गर्रकन वळले. "इतका येल लागला का गो तुमाला हे ईचारायला? सगळे जेव जेव करतान, का जेवत नाय ते कुनी ईचारतच नाय! आना ते ताट!"

बंदीची भूमिका तिथेच संपली. सुरमईचा काटासुद्धा शिल्लक राहिला नाही. पण त्या दुपारनंतर निदान काही पोरं तरी आधी 'काय झालं?' असं विचारायला लागली.

* * *

एवढं सगळं असलं तरी नम्रताच्या आवाजाचं करायचं काय? कवायतीचा हुकूम तिने दिला की पहिली रांग थांबायची आणि मागच्या दोन रांगा पुढच्यांच्या पाठीवर आदळायच्या. मुख्यालयाचे साहेब जुन्या वळणाचे, ते आधी आवाजच बघणार हे ठरलेलं.

घरतांनी उपाय काढला. सकाळी तिला न्हावा शेवा बंदराच्या रस्त्यालगत नेऊन उभं केलं. कंटेनरचे ट्रेलर धडधडत जातायत, कानात बोट घालावं असा गोंगाट. "ह्या आवाजाच्या वर तुजा आवाज गेला पायजे," घरत म्हणाले. "मी तिकडं लांब उभा रातो. मला ऐकू आला का तू पास!"

नम्रताने डोळे मिटले, पोटातून दम घेतला आणि ओरडली, "तुकडीऽऽ थांब!"

एका ट्रेलरने करकचून ब्रेक मारला. त्याच्यामागे दुसरा थांबला, मग तिसरा. पहिला ड्रायव्हर खाली उतरला, हातात कागद घेऊन खाकीतल्या नम्रतासमोर उभा राहिला. "मॅडम, पेपर सब ओके है, चाहे तो देख लो!"

नम्रता इतकी घाबरली की तिने खरंच कागद बघितले. मग हळूच म्हणाली, "इन्शुरन्स संपत आलाय दादा, भरून टाका." तो सलाम ठोकून निघून गेला.

घरतांनी रस्त्यावरच तिला पैकीच्या पैकी गुण दिले. पण दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्यांच्या नजरा तिच्यावर लागल्या आणि आवाज पुन्हा घशात अडकला. घरत त्या दिवशी जेवले नाहीत, आणि या खेपेला ते नाटक नव्हतं.

* * *

शेवटी साहेब आले. इस्त्री कडक, चेहरा त्याहून कडक. चाचणीचं नाव ऐकूनच म्हणाले, "शिपायाने हुकूम द्यायचा असतो. चौकशा कसल्या करता?"

सुकापूरच्या मैदानावर कवायत झाली. नम्रताचा हुकूम मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही. साहेबांनी माझ्याकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली.

मग हॉलवर संवाद चाचणी. घरत कोठडीकडे निघाले, तर साहेब म्हणाले, "थांबा. बंदी मी होतो. या चाचणीने निवडलेले चौघं पाठवा, बघू तुमची पोरं काय दिवे लावतात." टोपी काढून खाटेवर बसले. सगळ्यांना एकच विनवणी. "आई आजारी आहे हो, एकदा फोन करू द्या." तुरुंगातली सगळ्यात जुनी युक्ती! आईच्या नावाने फोन मागायचा आणि भलत्यालाच लावायचा. शिपाई पाघळला की संपलं.

पहिला गेला, त्याने अर्ज करायला सांगून पाठ फिरवली. दुसऱ्याने दरडावलं, "सगळे हेच सांगतात!" तिसऱ्याला इतका उमाळा आला की त्याने खिशातला स्वतःचा मोबाईल काढून दिला. साहेबांनी तो जप्त केला आणि त्याला तिथेच नापास करून टाकलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "बघितलंत? एक दगड, एक आगाऊ, एक भोळा. कशाला पाहिजे ही चाचणी?"

राहिली होती नम्रता.

दार उघडंच होतं, आम्हाला सगळं दिसत होतं. साहेबांनी पुन्हा खाटेवर बसून तीच विनवणी केली. नम्रता जमिनीवर बसली.

"आई कुठं असते?"

"गावाला. साताऱ्याकडे."

"तिच्याजवळ कोन असतं?"

"कोणी नाही. शेजारीण येऊन बघून जाते."

"शेवटचं कधी बोललात तिच्याशी?"

साहेब तोंड उघडून थांबले. मला वाटलं, उत्तर जुळवतायत. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "दिवाळीत. पैसे पोचले का, एवढंच विचारलं."

नम्रता म्हणाली, "फोन मी देऊ शकत नाय. अर्ज आत्ता मिळून करू, वेळेवर पुढं जाईल हे मी बघते. तोवर तिच्याशी काय बोलायचं ते ठरवून ठेवा. बरी हायेस का विचारून लगेच ठेवून देऊ नका. आयांना कळतं ते."

साहेब उठले, टोपी घातली, बाहेर आले. घरत सावधान उभे होते. त्यांच्यासमोर थांबून साहेब म्हणाले, "आवाज पुरतो हिचा."

मॅडमनी धीर करून विचारलं, "सर, आणि चाचणी?"

"ती काढू नका," म्हणाले आणि जिन्याकडे गेले. पाठ आमच्याकडे, मोबाईल कानाला. पलीकडून बराच वेळ कोणी उचललं नसावं. मग त्यांचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा.

"आई, मी बोलतोय… नाही गं, काम काहीच नव्हतं."